मांडव कुणाचा, पंगत कुणाची

इंदापूर-बारामतीकडचा हिवाळा पंचांगात बघून कळत नाही. कारखान्याचं धुराडं पेटलं की तो सुरू झाला. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, सरकारने ठरवलेल्या तारखेनंतर गव्हाणीत मोळी पडते, आणि भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा सगळ्या रस्त्यांवर टायरगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या लागतात. नीरा डावा कालवा १८८५ साली आला. तेव्हापासून या भागात पैसा पाण्यामागे आणि सण पैशामागे चालत आलेत. दिवाळी आटोपली की चंपाषष्ठी, मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, सहा डिसेंबरचं दादर, नाताळ, एक जानेवारीचं कोरेगाव भीमा, भोगी, संक्रांत, मोरगावची माघी चतुर्थी, महाशिवरात्र. मधेच जानेवारीत बारामतीचं ‘कृषिक’ प्रदर्शन. तिथली गर्दी, धूळ आणि चुकलेली पोरं पाहिली की तीही एक जत्राच वाटते. उरूस आणि ईद कधी येणार हे चंद्राच्या मर्जीवर.

या गर्दीवरून एका मामा-भाचीत वाद झाला, त्याची ही हकीकत. मामा निवृत्त मुख्याध्यापक, राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढलेले, राहायला इंदापुरात. भाची तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या धर्मांच्या लोकांनी एका मांडवात बसावं, असं मामांच्या मनात होतं. पत्रिकेचा मसुदा तयार होता आणि त्यातलं शुद्धलेखन बघायला मला बोलावलं होतं. शुद्धलेखन राहिलं बाजूला.

भाची : (पत्रिका वाचत) ‘सर्वधर्मीय हिवाळी स्नेहमेळावा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, मनोगते, आभार, अल्पोपाहार.’ मामा, ह्यात सण कुठंय?

मामा : सगळ्यांचे सण आहेत म्हणूनच कुठल्या एकाचं नाव नाही घातलं.

भाची : म्हणजे भरीत-रोडगा नाही, केक नाही, शीरखुर्मा नाही. उपमा.

मामा : उपम्याला जात नसते.

भाची : चवही नसते. म्हणून तर तो सगळ्या कार्यक्रमांना चालतो.

मामांची थट्टा करणं सोपं आहे. शाल, श्रीफळ आणि माइकवरचं ‘हॅलो चेक’ यांना आपण सगळेच हसतो. पण हा माणूस हौसेखातर मांडव घालायला निघालेला नव्हता.

मामा : ब्याण्णवच्या डिसेंबरात मी वर्गशिक्षक होतो. सातवीचा वर्ग. एक दिवस बघतो तर मुसलमानांची चार पोरं एका बाकावर सरकलेली. कुणी उठवलं नव्हतं, कुणी शिवी दिली नव्हती. आपली आपणच सरकली. ते बाक मला अजून दिसतं. त्या दिवसापासून मी ठरवलंय, वर्षातून एकदा तरी सगळ्यांना मुद्दाम जवळ बसवायचं. आपोआप बसतील या भरवशावर राहायचं नाही.

भाची : आणि ती पोरं परत मिसळली कशानं? प्रार्थनेनं?

मामा : (थोडं थांबून) कबड्डीनं. तालुक्याच्या स्पर्धा होत्या. त्यातला एक चांगला चढाई करायचा.

भाची : बघा. त्याला काहीतरी काम होतं म्हणून बाक सुटलं. तुमच्या मांडवात लोकांना काम काय? बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. संक्रांतीचं बघा. सुगडी कुंभाराकडून, बांगड्या कासाराकडं नाहीतर मणेराकडं, हळद-कुंकू, बुक्का आताराच्या दुकानातून, विड्याची पानं तांबोळ्याची. जत्रेचं बकरं मुलाण्यानं कापल्याशिवाय गावाला चालत नव्हतं. त्याला कुणी सलोख्याचं प्रमाणपत्र दिलं नाही. आपला ठरलेला वाटा घेतला आणि घरी गेला. सण असा कामातून मिसळतो. मी डोस पाजायला घरोघर फिरते ना, कुठल्या घरात काय तळलंय ते वासावरून सांगते. तिथं कुणी ‘सर्वधर्मीय’ म्हणत नाही. म्हणतात, ‘ताई, दोन करंज्या घ्या, मग पोराला सुई टोचा.’

मामा : मुलाण्याचं सांगितलंस. हलगी वाजवायला कोण होतं ते सांग. मेलेलं ढोर ओढायला कोण होतं? तो पण ‘मान’च होता बरं का, गावकीनं दिलेला. जत्रेत ज्याचं त्याचं काम ठरलेलं म्हणून तू खूश होतेस. पण काम ठरलं म्हणजे जागाही ठरली. कोण पायरीवर, कोण पायरीखाली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभाला गेले आणि त्याच वर्षी महाडला म्हणाले की ही असली कामं सोडा. आज एक जानेवारीला इथून गाड्या भरून लोक जातात. तिथं कुणाला गावकीनं काम दिलेलं नसतं. तरी त्या गर्दीत जीव आहे की नाही?

भाची : आहे. पण ती गर्दी त्यांची स्वतःची आहे. तिथं कुणी पत्रिका वाटत नाही.

इथे मामांनी गुण घेतला, असं माझं मत. बलुत्यांच्या देवघेवीचं आपण फार गोड चित्र काढतो. मुलाणी, आतार, तांबोळी यांची नावं त्यात हौसेने येतात, आणि ज्यांना त्या देवघेवीतून फक्त सुटायचं होतं त्यांची येत नाहीत.

मामांना आता सूर सापडला होता. बोलता बोलता ते मोरगावला पोचले. मोरगाव बारामती तालुक्यात. अष्टविनायकांतला पहिला गणपती, भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून पालखी येते. देवळाला उंच तट आणि चार कोपऱ्यांना चार मिनार. गणपतीसमोर उंदराबरोबर नंदीही बसवलेला, ते वेगळंच.

मामा : लांबून मशीद वाटते. आपल्या पूर्वजांना अक्कल होती. सुलतानी फौजेनं बघितलं तरी पुढं निघून जावं म्हणून मिनार बांधले.

भाची : असं तिथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मला नाही पटत. बहामनी काळात या मुलखात गवंडी ज्या घाटाचं काम करत होते, त्याच घाटाचं त्यांनी इथं केलं. कोपऱ्याला काय उभारायचं, तर त्यांच्या हाताला मिनार येत होता. गणपतीला चालला, गावाला चालला. त्यात युक्ती कसली शोधायची?

मामा : म्हणजे तुझ्या मते देऊळसुद्धा कामातनंच मिसळलं.

भाची : हो. आणि तुमच्या मते भीतीतनं.

दोघांचंही म्हणणं कागदावर सिद्ध करता येणार नाही. मला भाचीचं जवळचं वाटतं, पण तटाची उंची बघितली की मामांची भीतीही अगदीच काल्पनिक वाटत नाही.

खुद्द इंदापुरात दोघांचं निम्मं-निम्मं जमलं. मालोजीराजे भोसल्यांची गढी आणि चाँदशाहवलींचा दर्गा इथे शेजारी-शेजारी आहेत. मालोजींना मूल होत नव्हतं, नगरच्या शाह शरीफांना नवस केला, मुलं झाली आणि त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा इथल्या शाळेतली पोरंही सांगतात. मामा म्हणाले, यापेक्षा मोठा सर्वधर्म मेळावा कुठला? भाची म्हणाली, तो मेळावा नव्हता, ती एका बाईची गरज होती. मूल हवं असलेली बाई दर्गा, देऊळ, दवाखाना, सगळीकडे जाते. ‘माझ्याकडे येतात ना.’

नाताळाच्या बाबतीत मात्र भाचीने बराच वेळ घेतला, आणि मामांनी तो घेऊ दिला. बारामतीत ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’च्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बस्तान बसवलं. त्या काळी सिडनी-मेलबर्नच्या चर्चमधल्या लोकांना ‘बारामती’ हे नाव पुण्याच्या आधी ठाऊक झालं असेल. इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींचा नाताळ सिनेमातल्या नाताळासारखा नसतो.

भाची : माझ्या हद्दीत एक घर आहे. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. दिवाळीत सून शेजारणीबरोबर कंदील आणते, आणि तो उतरवतच नाही. डिसेंबर लागला की खालच्या झिरमिळ्या कापायच्या, आत जास्त वॅटचा बल्ब लावायचा, वर पुठ्ठ्याचा तारा चिकटवायचा. झाला नाताळ. फराळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे. रात्री उपासनेला पेटी-तबला आणि टाळ. आजी टाळ असा धरते की तुम्हाला वाटावं वारीला जाऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, ‘मग? देवाला काय हात जोडून इंग्लिशमध्ये बोलायचं?’

मामा : ना. वा. टिळकांची कृपा. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि अभंगाच्या चालीत येशूला बसवलं. तो माणूस नसता तर आजही विलायती चालीवर मराठी शब्द ओढत बसले असते.

भाची : बरोबर. आता मला सांगा, ह्या आजीला तुम्ही मांडवात बोलवाल. ‘ख्रिस्ती समाजाच्या प्रतिनिधी’ म्हणून तिचा सत्कार कराल. ती दोन शब्द काय बोलणार? ‘आम्ही नाताळात तारा लावतो’? तो तारा कंदिलातनं निघालाय हे तिला सांगताच येणार नाही, कारण स्टेजवर गेलं की सगळ्यांना आपापला वेगळेपणाच सांगावा लागतो.

हा मुद्दा मला नवा होता. एकोप्यासाठी घातलेल्या मांडवात प्रत्येकाला आपल्या धर्माचा बिल्ला लावूनच चढता येतं. एरवी तीच माणसं बाजारात नुसती गिऱ्हाईक आणि दुकानदार असतात. मामा गप्प बसले, पण पत्रिकेवरची पेन्सिल त्यांनी खाली ठेवली नाही.

त्यांनी मग वेगळीच गोष्ट काढली. मुख्याध्यापकांना वेळापत्रकाचा सोस असतो. मुसलमानी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. २००५ ला दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती. तेव्हा एकाच दुकानात एका काउंटरवर रांगोळी आणि दुसऱ्यावर शेवया होत्या. आता रमजान पुन्हा हिवाळ्यात शिरतोय. २०३० साली तर जानेवारीत एक रमजान आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा.

मामा : २०३० ची संक्रांत रोज्यात येणार. तिळगूळ द्यायचा तर मगरीबनंतर द्यावा लागेल. आणि फेब्रुवारीत बघ, चांद दिसला की ईद, त्याच चंद्राच्या चतुर्थीला मोरगावची यात्रा. एक-दोन दिवसांचा फरक. गाड्या, पोलीस, पाणी, सगळं एकाच वेळी. तेव्हा कुणीतरी आधी एकत्र बसून ठरवायला नको? तुझी कामातनं होणारी मिसळ गर्दीच्या दिवशी रस्ता मोकळा करत नाही.

भाची : ठरवायला बसा ना. ती बैठक झाली. बैठकीला हार लागत नाहीत.

मामा : हार नसले की लोक येत नाहीत, हे तू शासकीय नोकरीत राहून मला सांगतेस?

दोघंही हसले. मला वाटलं, संपलं. पण मामांनी अचानक आवाज खाली आणला. भाचीची आई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली.

मामा : तुला ते घरोघरचे सण आवडतात. तुझ्या आईला गेल्या किती संक्रांतींना कुणी हळदीकुंकवाला बोलावलंय? गल्लीत. शेजारच्या घरात. तू वासावरून ओळखतेस त्या घरांमध्ये. माझ्या मांडवात ती पहिल्या रांगेत बसते. उपमा का असेना, तिच्या हातात बशी येते.

भाची जरा वेळ काही बोलली नाही. मग हेरवाडचं सांगू लागली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला. मग राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ते परिपत्रक तिच्या उपकेंद्रातही आलं होतं.

भाची : परिपत्रक मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चांगलंय. पण मामा, ती तुमच्या मांडवात यायची नाही. तिला खुर्ची नकोय. तिला वाण हवंय. सुगडातला हरभरा, बोरं, उसाचं कांडं. शेजारणीनं उंबऱ्यावर उभं राहून ‘या’ म्हणावं, एवढंच. ते तुमच्या स्टेजवरून देता येत नाही. गल्लीतच द्यावं लागतं, आणि गल्ली देत नाही. इथं तुमचंही चुकतंय आणि माझंही.

मामा : मग दिलं कुणी?

भाची : गेल्या वर्षी दिलं. अड्ड्यावर.

कारखान्याच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोप्या घालून राहतात, तो अड्डा. भाची लसीकरणासाठी तिथे जाते. बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूरकडून, नगरच्या पाथर्डीकडून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत घर उसात. दिवाळीच्या आगेमागे आलेली ही माणसं मार्चपर्यंत इथेच असतात. म्हणजे बारामती-इंदापूरचा अख्खा हिवाळा ज्यांच्या कोयत्यावर गोड होतो, त्यांचा एकही सण इथल्या कुठल्या पत्रिकेत नाही. मामांच्याही नव्हता.

भाची : भोगीला मी आईला बरोबर नेलं होतं. सकाळी फडातनं आलेल्या बाया, हाताला पाचट कापलेलं. सुगडी नव्हती. स्टीलचे पेले होते. त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर आणि उसाचं कांडं. दिवसाला एवढा ऊस तोडतात, पण वाणाचं कांडं वेगळं निवडून ठेवलेलं, पेरं जवळजवळ असलेलं, सरळ. एकीनं आईला पेला दिला. आई म्हणाली, ‘मी नाही चालत, बाई.’ ती म्हणाली, ‘आक्का, इथं कोण बघतंय? घ्या, पेला परत द्या तेवढा, चहाला लागतो.’

मामा : मग अड्डाच बरा म्हणायचा सगळ्यांपेक्षा.

भाची : नाही. तेही नाही. तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगते. वंजाऱ्यांची टोळी एकीकडं, बंजाऱ्यांची दुसरीकडं, मातंगांची कोपी ओढ्याच्या पलीकडं. पाण्याचा टँकर एक, पण हंडे लावायचा क्रम ठरलेला. गाव सोडून आले म्हणजे गाव सुटलं असं नाही.

मामा : (पेन्सिल उचलत) आता बोललीस.

भाची : पण एक दिवस असतो. भगवानबाबांची आणि वामनभाऊंची पुण्यतिथी. पौषातच, ऐन गळितात. बाबा १९६५ च्या जानेवारीत गेले. भगवानगडाला, गहिनीनाथगडाला जायला यांना सुट्टी कुठनं मिळणार? म्हणून गडच अड्ड्यावर आणतात. दर कोयत्यामागं वर्गणी, तिकडून कीर्तनकार, ट्रॉलीचं फाळकं पाडून त्यावर सतरंजी की झाला मंच. रात्री पंगत. त्या दिवशी ओढ्यापलीकडचेही येतात. पंगत एक बसते.

मामा : शेजारी-शेजारी?

भाची : टोळीटोळीनं बसतात. पण वाढपी मिसळलेले असतात. भाजीची बादली कोण घेऊन येईल ते बघत नाहीत, बादली गरम आहे की नाही ते बघतात. मंडपवाला इथलाच मुसलमान आहे, तो मंडप काढायला पंगत उठेपर्यंत थांबतो आणि जेवूनच जातो. गहिनीनाथाला तिकडं काहीजण गैबी पीर म्हणतात, हे त्यानंच मला सांगितलं.

मामांनी पत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. तारीख काय, किती माणसं, पंगतीला काय असतं, सगळं विचारून झालं. डाळ-भात, वांग्या-बटाट्याची भाजी, बुंदी. बुंदी कोण देतं? मुकादम. साखर? भाचीने सांगितलं की साखर विकतच आणतात.

मामा : या भागात साखर विकत आणतात?

भाची : मग कुठनं आणणार? त्यांनी तोडलेला ऊस, त्यांची साखर थोडीच.

मामा : पोतंभर साखर आम्ही ज्येष्ठ मंडळी देऊ. आणि मेळावा तिथंच घेऊ, त्याच दिवशी. खर्चही वाचेल. फक्त मधे वीस मिनिटं...

भाची : मामा.

मामा : बरं, सत्कार नको. पण सर्व धर्मांचे लोक तिथं येताहेत, तर कुणीतरी ते नीट मांडायला नको?

भाची : तुम्ही या, आणखी चारजणांना आणा. चर्चवाल्या आजीलाही आणा, टाळ घेऊन. कीर्तनात टाळकरी कमीच पडतात. बादली उचलता येईल अशी माणसं आणा. तुमच्या गुडघ्याला जमणार नसेल तर पत्रावळ्या मांडा. ताटकळत उभं राहायला कुणी नकोय.

मामा : म्हणजे मुख्याध्यापकानं पत्रावळ्या मांडायच्या.

भाची : रांग सरळ येईल. तुमचा हात बसलेला आहे.

मामा : आणि बोलायचं अजिबात नाही?

भाची : बोला की. पंगत उठल्यावर, भांडी घासताना. बाया ऐकतात, काम करता करता.

मामा : दोन मिनिटं.

भाची : पातेली मोठी आहेत. पंधरा मिळतील.